कसर

मला स्वरलिपी धड वाचता येत नाही.
मी भोकं मोजते.
पानाच्या कडेला चार, शिवणीची,
वरून दुसरं जरासं तिरपं;
ज्यानं ही वही शिवली
त्याची सुई तरी वाकडी असेल
नाहीतर त्या दिवशी अंगठा दुखत असेल.
तेवढ्यावरून मी ओळखते, हे पान तिथलंच.
प्राध्यापक ह्लावाच म्हणतात,
झ्देन्काबाई, तुमचं म्हणजे सुतावरून स्वर्ग.
सूत तरी कुठंय, मी म्हणते,
सुताची नुसती भोकं.

आठ-आठ पानांच्या तीन घड्या, चोवीस पानं.
सतरा इथं ओलोमोउत्सला, आमच्याच तळघरात,
चर्चच्या मेणबत्त्यांच्या हिशेबांत मिसळलेली.
चार ग्रात्सच्या एका दंतवैद्याकडे, काचेत,
दाढ उपटायला आलेल्यांसमोर टांगलेली.
एक त्रिएस्तेच्या लिलावात.
आणि एक गोल.

गोल म्हणजे अगदी गोल, बरणीच्या तोंडाएवढं.
टोबियास क्रौपा वारल्यावर त्याच्या स्वयंपाकिणीनं
कात्रीनं कापलं आणि प्लमच्या मुरंब्यावर दोऱ्यानं बांधलं.
तिच्या खापरपणतीनं ते मला
पाकिटात घालून पाठवलं, सोबत मुरंबाही.
डाग अजून चिकट आहे, मी बोट लावून पाहिलं
(हे अहवालात लिहिलेलं नाही).

गोल पानाला कडा नाही, म्हणून शिवण नाही.
होतं एकच भोक,
मोहरीएवढं, कसरीनं पाडलेलं.
मग मी बाकीच्या पानांवर तेच शोधत बसले.
होतं. सगळ्यांवर होतं,
दर पानागणिक केसभर डावीकडे सरकलेलं.
त्या किड्यानं चोवीस पानं सरळ वाचून काढली होती,
एकही न गाळता, मागंपुढं न करता.

आता, प्राध्यापकांनी क्रम आधीच लावलेला होता,
त्यावर त्यांचं पुस्तकही आहे, जाडजूड :
आधी चाचपडणारे चार स्वर,
मग खाडाखोड, मग हळूहळू
ती सगळ्यांना ठाऊक असलेली संध्याकाळची धून,
जी आमच्याकडे अंत्ययात्रेला वाजवतात.

कसर म्हणते, उलटं.
पुठ्ठ्याची खळ ज्याला चिकटलीय त्या पहिल्याच पानावर
धून पुरी आहे, एका हातानं लिहिलेली, न थांबता.
मग तो ती मोडत गेला.
दुसऱ्या पानावर एक वळण कमी.
सातव्यावर बायकोच्या औषधाची बाटली आणि किंमत.
अकराव्यापासून टाकाचं एक टोक तुटलेलं,
मधली रेघ उमटतच नाही.
बाविसाव्यावर चार स्वर.
तेविसाव्यावर तीन आणि शाईचा ठिपका.
गोल पान शेवटचं. त्यावर पाच रेघा,
म्हणजे चारच,
आणि मुरंबा.

प्राध्यापक बराच वेळ खिडकीशी उभे राहिले.
बाहेर कुणीतरी सायकलवरचं बर्फ झटकत होतं.
किड्याच्या साक्षीवर, ते म्हणाले,
मी पुस्तक मागं घेऊ?
मी काहीच बोलले नाही. त्यांच्या कोटाची शिवण
खांद्यावर उसवली होती, तीच बघत राहिले.

एकोणिसावं अजून मिळालेलं नाही.
अठरावर सहा स्वर आहेत, विसावर पाच;
कुठला गळला ते त्या पानाला माहीत.
त्याच्या जागी मी कोरा कागद घातलाय,
त्याच मापाचा, कडेला चार भोकं पाडून,
दुसरं तिरपं.
पाचव्यासाठी सुई हातात घेऊन बसलेय.
जागा मला माहीत आहे, केसभर इकडं
ना तिकडं.


दिवा मालवायला पहारेकरी आलाय, दारात थांबलाय.