दुसरं टोक

मुहर्रकच्या गल्लीत सेहेचाळीस,
आत बू-जासिमच्या खोलीत एकवीस.
माणसांसाठी नव्हे, लाकडासाठी.
भर जुलैत मी स्वेटर घालून बसतो
आणि समोरच्या भिकाऱ्याकडे बघतो,
जो चारशे वर्षं कुडकुडतोय.

हातभर उंचीचा प्रसंग, एकाच ओंडक्यातून काढलेला:
घोडा, घोड्यावर शिपाई, उपसलेली तलवार,
खांद्यावरून ओघळलेला झगा,
आणि खाली, घोड्याच्या पोटाशी, उघडा माणूस.
एका बाजूला आठ बरगड्या. मोजल्या.
डावा हात मनगटापासून गेलेला.
कुठल्या बोटीत गेला, कुणाच्या फडताळात,
कागदावर नाही.
कागद म्हणतो अक्रोड. मला वास वेगळा येतो.
सगळ्यांत फक्त घोडा त्या माणसाकडे बघतोय.

वसईचा इनास लोपीस, आमच्या मेसमध्ये भात लावतो,
तो म्हणाला, हा संत मार्टिन.
गावाच्या वेशीवर, बर्फात,
अर्धा झगा कापून दिला यानं.
अर्धाच का, मी विचारलं.
अर्धा सरकारी होता रे, इनास म्हणाला,
याच्या पगारातून अर्ध्याचेच पैसे कापलेले.
मग आम्ही बराच वेळ काही बोललो नाही.
दोघांचेही पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.

बू-जासिमनं सांगितलं, हात बनव.
मागणारा. भिकाऱ्याचा असतो तसा.
पांगाऱ्याची केळी आणि सीताफळं कोरत
सावंतवाडीत वाढलेला मी,
मला हात काय जड!
तळवा वर केला, बोटं किंचित मुडपली.
लावून पाहिला. बसेना.
खुंटी बदलली, सरस बदलला. बसेना.
कोपर काही वेगळंच म्हणत होतं.
बाबा असते तर खेकसले असते:
"लाकडाक इचार, माका नको."

दिवा आडवा धरला.
दंडाची पेशी ताठ,
टाचा मातीत रुतलेल्या.
मागणारा पुढे झुकतो.
हा मागे झुकला होता.

आणि सातार्ड्याची मावशी आठवली,
ओसरीवर माजरपाट फाडताना ओरडणारी:
"शिरा पडो तुझ्यार, टोक धर मरे!"
एकट्यानं कापड सरळ फाटत नाही.
वाकडं जातं, शेवटी कुणाच्याच उपयोगाचं राहत नाही.

झग्याची कड भिंगाखाली घेतली.
तिथं, चुणीच्या आत, खपलीएवढा तुकडा:
एका बोटाचं टोक, अजून चिकटून.

पसरलेला नव्हताच तो हात.
त्यानं झगा धरला होता, ताणून,
तलवार सरळ चालावी म्हणून.
कापणारा एक, धरणारा एक.
नाव फक्त घोड्यावरच्याचं राहिलं.

नवी मूठ केली, जुन्या पेटीच्या फळीतून.
जोर दिल्यावर अंगठ्याचं नख पांढरं पडतं,
तेवढ्यासाठी रंगात चिमूटभर चुना.
बसली. खुंटी न मारताच बसली.

बू-जासिम खूप वेळ बघत राहिला.
हा मागत नाहीय, म्हणाला.
नाही, मी म्हटलं.
त्यानं तसबीचे दोन मणी पुढे सरकवले
आणि म्हणाला, खलास.
खलास म्हणजे झालं, किंवा पुरे, किंवा ठीक आहे.
त्यातलं कुठलं, मी विचारलं नाही.

बुधवारी पेटी गेली.
कुठे, ते मला कळवायचं कुणाला कारण नाही.

पहिला हात माझ्या खोलीत आहे, खिडकीत.
तळवा वर.
टेकबहादूर त्यात किल्ली ठेवतो,
साबणाची चिपटी ठेवतो,
आणि कधी रात्रपाळीहून येताना
दोन खजूर.
मी एक खातो.