लिंबाला धाक

कन्नमवार नगरात, तिसऱ्या मजल्यावर,
उत्तरेच्या ग्रिलमध्ये सात वर्षं
माझं कागदी लिंबू उभं होतं.
पान चुरडलं की वास यायचा.
बस, एवढाच त्याचा संसार.

विचारलं तर माणसं सांगतात.
न विचारता जास्त सांगतात.

सावर्डेकरबाई म्हणाल्या, ताक.
तीन दिवसांचं, चांगलं आंबूस, पाचपट पाणी घालून.
"आणि ओतताना पुटपुटू नका काही, झाडाला कळतं."
तळमजल्यावरचे डिकुन्हा म्हणाले, बोंबील धुतलेलं पाणी.
ओतलं.
झाडाचं माहीत नाही, मांजरं मात्र आली,
तीन मजले चढून, त्यातली एक पोटुशी.

सेक्रेटरी बिर्जे कुंडीकडे न बघता भिंतीकडे बघत म्हणाले,
"खाली आचरेकरांच्या छताला ओल आलीय. थाळी ठेवा."
थाळी ठेवली. थाळीत डास झाले.
मग डासांवर सल्ले.

घाटकोपरहून कोकोपीटची वीट आणली, वहीएवढी.
बादलीत टाकली नि झोपले.
सकाळी तिनं अख्ख्या मोरीत पाय पसरले होते.
दोन दिवस मी सावर्डेकरांकडे आंघोळ केली.

ओलावा मोजायचा काटा घेतला, तीनशे एकोणपन्नास.
मातीत खुपसला: ओलं.
हवेत धरला: ओलं.
परत करणार होते, पण ऑगस्ट होता,
आणि खोटं तरी काय बोलत होता बिचारा.

ग्रिल सहा इंच पुढे काढायला इजाज आला.
टेप धरली, बाहेर वाकून वर बघितलं,
कानामागची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच खोचली.
"सहा इंचांनी काय होणार ताई,
ऊन त्या समोरच्या बिल्डिंगवर पडतं."
पैसे घेतले नाहीत. चहा घेतला.

शेवटी देवगडहून मावशीचा फोन.
"लाड केलंस गो त्येचे. धाक दाखय.
अवसेच्या सकाळी कोयतो घेवन उभी ऱ्हव.
एकान म्हणूचा, तोडतंय.
दुसऱ्यान म्हणूचा, नको, फुडच्या वर्साक देतला."

दुसरं कोण, ते तिनं सांगितलं नाही.
तिला ठाऊक आहे, इथे मी एकटी असते.

अमावास्या. पावणेसहा.
नारळाचा कोयता घेऊन, गाऊनवरच,
मी ग्रिलपाशी उभी राहिले आणि म्हटलं,
"तोडते तुला."
पंपाची घरघर.
जरा मोठ्यानं: "आता तोडतेच!"

"ओ, नका हो तोडू!"

समोर, चौथ्या मजल्यावर,
बनियन, तोंडात ब्रश, हनुवटीवर फेस,
एक गृहस्थ दोन्ही हातांनी गज धरून उभे.
नाव टेमकर, हे नंतर कळलं.
गच्चीची चावी त्यांच्याकडे असते, हेही.

रविवारी त्यांनी आणि इजाजनं झाड खाली उतरवलं,
रस्ता ओलांडून, सगळे जिने चढून
पाण्याच्या टाकीशेजारी ठेवलं.
डिकुन्हा खालून ओरडत होते, डावीकडे, डावीकडे.
कुठलं डावीकडे, कोणालाच कळत नव्हतं.

ग्रिलच्या कोपऱ्यात आता गंजाचं एक वर्तुळ.
तिथे काय ठेवावं यावर आठ मतं आहेत.
लिंबू अजून नाही.
परवा टेमकरांनी खिडकीतून चिमूट दाखवली,
एवढीशी, पांढरी.
"हात लावू नका!" मी इथून ओरडले.

काल दुसऱ्या मजल्यावरची नवी मुलगी, तन्मयी,
मोगऱ्याची कुंडीच उचलून घेऊन आली. नुसती पानं.
म्हटलं, ताक घाल, पाचपट पाणी.
बोंबील नको.
काटा हवा तर ने, तो ओलंच म्हणतो.
आणि एवढं करून नाहीच ऐकलं त्यानं,
तर अवसेला हाक मार.
कोयता मी आणीन.
तू फक्त नको म्हण.