सहावं स्थान

सिस्टर ल्युसिनांनी यादी दिली:
आग्नेस, सेसिलिया, छोटी तेरेझा.
"रविवारपर्यंत नाव ठरवा, बिशप येणारेत."

पप्पा अक्कलकोट रोडवरून परतले
भुवयांत सुताची लव घेऊन.
बारा तास नुसते टॉवेल.
घरात आमच्या मात्र सगळे सेकंडचे,
काठ चुकलेले.

मी लिहिलं: वेरोनिका.
आई म्हणाली, हिनं चमत्कार काय केला?
काही नाही गं.
शिपायांच्या मधून पुढे झाली,
तोंड पुसलं.

दृढीकरणाला बेचाळीस डिग्री.
बिशपांनी कपाळावर काढलेला तेलाचा क्रूस
घामासोबत नाकावर उतरला.
मी पप्पांच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला.

"राहू दे," ते म्हणाले,
"वास चांगलाय."