मानशीचं दार

सकाळी पाणी चढलं एक दशांश मीटर, दुपारी दोन.
बेरीज तीन दशांश.
बोस्त्यांवच्या वहीत असे दिवस अकरा,
निळ्या शाईत, काही खाऱ्या डागांखाली.

मी प्रोग्रामला विचारलं : बरोबर तीन दशांशचे दिवस दे.
त्यानं चार दिले.

अंक ताणून पाहिला तेव्हा
तीनामागे पंधरा शून्यं
आणि पार टोकाला, न बोलावता आलेला, एक चार.
शून्य आणि एक, एवढ्यावरच संसार असलेल्या यंत्राला
एक दशांश पुरता लिहिताच येत नाही;
कुठंतरी शेपूट तोडावं लागतं.

संध्याकाळच्या फेरीनं दिवाडीला गेले.
भरतीनं मानशीचं दार आपसूक ढकललं,
तरी फळ्यांच्या सांध्यातून बारीक धार चालूच.
"हे लागलं?"
"लागलें म्हणपाचें, बाय," बोस्त्यांव म्हणाला,
"इतलें शेताक कळना."
इतलें म्हणजे किती?
त्यानं करंगळीचं नख दाखवलं.

रात्री बरोबरचं चिन्ह खोडलं.
लिहिलं : फरक नखाहून कमी असेल, तर तोच.
दिवस परत आले,
पण बारा.
बारावा कुठला,
ते उद्या वहीत बघायचं.