धूर कुणीकडे

इंजिन बंद पडलं तेव्हा आवाज झाला नाही,
आवाज गेला.
आधी दोनदा खोकलं, घशात काही अडकल्यासारखं,
मग पंख्यानं नुसत्या वाऱ्यावर काही फेरे घेतले
आणि थांबला. थांबला म्हणजे
पहिल्यांदाच दिसला :
करडं पातं, टोकाला पिवळा पट्टा,
किंचित तिरकं.
एकतीस तास मी त्याच्या आरपार बघत आले होते.

खाली निफाड. सूर्य नुकताच वर, पारा पाचावर.
एकवीसशे फूट, आणि दर मिनिटाला सातशे कमी.
म्हणजे तीन मिनिटं.
एवढ्यात आमच्याकडे दूधसुद्धा उतू जात नाही.

हातांना पाठ होतं ते हात करत राहिले :
नाक सावर, वेग पासष्ट,
पेट्रोलचा खटका, मॅग्नेटो,
कार्ब्युरेटरला गरम हवा (उशीर झालेला),
किल्ली.
पुन्हा किल्ली.
खैरनार सर ओझरला सांगत होते
आमची उंची, आमची दिशा, माणसं दोन,
अशा स्वरात, जणू
पुढच्या नाक्यावर रिक्षा थांबवायचीय.

मी हिरवं शोधत होते. मऊ दिसतं ना हिरवं.
सर म्हणाले, "ते हिरवं नाही, तारा आहेत."
खरंच. द्राक्षबागा.
ओळीनं लोखंडी अँगल, त्यांवर ताणलेल्या तारा,
वरून पानं. मैलोगणती पानं.
मग हिरवं सोडलं, मातकट शोधलं.
कादवेच्या अलीकडे मका काढलेलं रान :
लांबट, एका अंगाला विहीर,
दुसऱ्या अंगाला विजेचे खांब.
पण कुठल्या टोकाकडून यायचं? वारा कुठला?

"धूर बघ," सर म्हणाले.

बागाबागांतून शेकोट्या.
थंडीनं मणी तडकू नयेत म्हणून
रात्रभर कुणी कुणी भुसकट जाळत बसलेलं.
धूर वर चढत नव्हता, वेलींवरच पांघरलेला,
शेपूट तेवढं नैर्ऋत्येला ओढलेलं.
म्हणजे तोंड ईशान्येला.
घरी आम्ही देव मांडतो त्या दिशेला.

"दारांच्या कड्या काढ."
काढल्या. थंड हवा आत आली, तिला धुराचा वास.
खांब उजवीकडून गेले. विहीर गेली.
मग खालून धसकटं, चाकांवर टकटक, टकटक,
टकटकटकटक,
पुढचं चाक दांडात रुतलं,
विमान वाकलं
आणि तसंच राहिलं.

माकडटोपी घातलेली एक बाई धावत आली,
हातात अर्धं जळालेलं लाकूड.
"पेट्रोल सरलं का गं माय?"
मग माझ्याकडे नीट बघून, "चल, शेक आधी."
ठकूबाई गांगुर्डे. नाव सरांनी विचारलं, मला सुचलं नाही.
हात थरथरायला लागले ते तिथं, शेकोटीवर धरल्यावर.

दुपारी इंजिन उघडलं. सगळं कोरडं, स्वच्छ.
घशात बर्फ धरला असावा, असं लिहिलं गेलं.
असावा.
पुरावा उन्हानं दहालाच नेलेला.

ठकूबाई आमच्याकडे धावली तेवढ्यात
तिच्या बांधाकडच्या चार शेकोट्या विझल्या होत्या.
किती मणी तडकले
ते तिनं सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.