हंड्यांचा हिशोब

कोथरूडच्या टेबलावर मी मे महिन्याचा तक्ता मांडला:
नाश्ता ऐंशी, जेवण दोनशे,
वाटाड्या पाचशे, मधला दलाल कुणी नाही;
शेवटच्या रकान्यात लिहिलं, गावात किती उरेल.
रिसॉर्ट खोडलं. प्लास्टिक खोडलं.
स्वतःवर थोडा खूशही झालो.

ठकूबाई ढेब्यांचा फोन लागतो
शेरडं वळवत त्या खिंडीत आल्या की.
"सा जनं? दोन मुक्काम?"
मग बराच वेळ नुसता वारा.
"आंघोळी किती करनार म्हन्ता?"

मी हसलो. त्या मोजत होत्या.
"दिसाला चौदा हंडं धरा. झरा आटलाय.
खाली धरान दिसतंय, पर उतरून चढायला
दीड तास. सुनंचं पाय भरल्यात."

तक्त्यात पाण्याचा रकानाच नव्हता.

"मी पैसे वाढवून देतो," म्हणालो.
"वाढवून कशापायी? दोनशे ठरलं ते ठरलं.
दिवाळी झाली की या. नाचणी निघंल,
पानी दारात असंल, मलाबी दोन घटका बसाया गावंल.
आन् पोरास्नी सांगा,
शेरडांना बिस्किटं घालायची न्हाईत."

रेंज गेली.
मे खोडला. नोव्हेंबर लिहिला, पेन्सिलीनं;
पुन्हा खिंडीत विचारल्याशिवाय पक्का नको.

आत मोरीत नळ चालूच राहिला होता.
पानशेतचं पाणी,
ठकूबाईंच्या दारापर्यंत न चढलेलं,
माझ्या चौथ्या मजल्यावर आपसूक आलेलं.
उठून बंद केला.
बादली काठोकाठ.
त्यांच्या मापात दीड हंडा.