अंगुस्तान

पहाटे जाग आली
आणि मला न विचारता मूठ मिटली.

उघडली. पुन्हा मिटली.
पांघरुणाखाली, चोरासारखी.
पलीकडच्या पलंगावर कुंजप्पन घोरत होता,
एसीचं पाणी बादलीत टपटपत होतं,
सोहारच्या मासळी बाजाराकडे निघालेला पिकअप
खालून गेला, रोजच्यासारखा.
रोज मी त्याच्या आवाजापासून मोजायला लागायचो:
पहिला अर्धा तास बोटं लाकडाची,
पुढचा अर्धा ओल्या लाकडाची,
मग कुठे मोरीतला नळ फिरायचा,
तोही मनगटाने.

आज नळ बोटांनी फिरला.
पाणी जरा जास्तच वेळ वाहू दिलं.

नखं मात्र तशीच आहेत,
खळग्याखळग्यांची, अंगुस्तानासारखी.
पहिल्यांदा खळगे दिसले तेव्हा वाटलं,
बत्तीस वर्षं सुई रेटून रेटून
पितळी टोपीच बोटावर उमटली असेल.
धंद्याची खूण. हसलोही होतो.
मग कोपरांवर खवले आले,
मधलं बोट राताळ्यासारखं सुजलं,
मग टाच. पायडलवर ठेवली
की कुणी आतून उसवतंय.

मालकाला काही बोललो नाही.
आम्ही शिवतो ते दिशदाशे पांढरे,
माझ्या अंगावरून गळायचं तेही पांढरं.
देवाने एवढी सोय केली होती.
काळे अबाये शिवत असतो
तर पहिल्याच हंगामात परत देवरुखला.

डॉक्टर इल्हाम सुदानच्या.
रक्ताचा कागद दोनदा वाचून म्हणाल्या, रिमिशन.
बरा झालो?
त्यांनी हिंदी शब्द शोधला, सापडला नाही.
मग तळहात टेबलावर अलगद ठेवला,
खाली कुणी निजलंय असा.
हादी, म्हणाल्या. शांत.
शुक्रवारच्या सहा गोळ्या सोडायच्या नाहीत.

इंदुमतीला फोनवर सांगितलं.
गेलं ना एकदाचं? नारळ वाढवते.
म्हटलं, थांब गं, कच्ची टीप आहे ही.
शिंप्याची बायको, तिला कळलं.
तरी वाढवलाच. खोबरं गोड निघालं म्हणे.

पंचाईत आहे ती त्या तासाची.
सकाळचा आख्खा एक तास हातात येतो
आणि तो कुणाचा ते कळत नाही.
परवा समुद्राकडे चालत गेलो.
टाच दुखत नव्हती, लंगडत मात्र होतो.
अर्ध्या वाटेत लक्षात आलं, थांबलो,
आजूबाजूला पाहिलं,
आणि नीट चालायला लागलो,
खोटं पकडलं गेल्यासारखा.

काल हाजी खलफान आले, मापाला.
दोन वर्षं ते माझा हात हातात घेत नाहीत,
स्वतःचाच हात छातीशी नेतात.
मला दुखू नये म्हणून, की त्यांना लागू नये म्हणून,
मी कधी विचारलं नाही.
काल मीच हात पुढे केला.
त्यांनी नखं पाहिली, माझ्याकडे पाहिलं,
मग धरला, जाळी ओढलेल्या त्या हाताने,
घट्ट.
मी डोळे मिटून कळेची वाट पाहिली.
येईना.
आधी कोणी सोडायचा हे दोघांनाही सुचेना.

त्यांच्या गळ्याशी लोंबणारा गोंडा,
ज्याला ते अत्तर लावतात,
तो रात्री मीच वळला.
एरवी हे काम रुहुलचं; त्याची बोटं बावीस वर्षांची.
तो शेजारी उभा राहून बघत होता, बोलत नव्हता.
गोंडा किंचित वाकडा आला.
उसवायला कात्री उचलली,
ठेवली.

उद्या शुक्रवार.
सहा गोळ्या चिमटीने बशीत मोजल्या.
एक निसटली, घरंगळत पलंगाखाली गेली.
वाकलो, गुडघे टेकले, काढली.
आणि खाली आलोच आहे तर
जरा वेळ तिथेच बसलो,
थंड फरशीवर, मांडी घालून.